चौथी पट्टी

माझ्या खांद्यावर चौथी पट्टी चढवली ती रायपूरच्या एका टेलरने. बँडवाल्यांचे कोट आणि वॉचमनचे शर्ट शिवणारा माणूस. तोंडातलं पान सावरत त्याने विचारलं, "तीन लगाऊँ कि चार? रेट एक ही है." माझ्याबरोबर आलेल्या पायलट-अकादमीच्या मालकांनी माझ्याकडे न बघता उत्तर देऊन टाकलं, "चार." मी गप्प बसलो. मला खरं तर एवढीच कबुली द्यायची आहे की मी तिथे गप्प बसलो. पण त्यातून पुढे जे झालं ते सांगितल्याशिवाय माझी सुटका नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. वैमानिकाच्या पांढऱ्या शर्टावर दोन्ही खांद्यांना सोनेरी पट्ट्या असतात. तीन असल्या तर तो को-पायलट, चार असल्या तर कॅप्टन. बघणाऱ्याला काही फरक कळत नाही. विमानतळावरची माणसं तीनवाल्यालाही कॅप्टनसाहेब म्हणतात आणि चारवाल्यालाही. पण आमच्या धंद्यात त्या एका पट्टीसाठी माणूस वर्षानुवर्षं उजव्या सीटवर बसून डावीकडे, कॅप्टनच्या सीटकडे बघत असतो. मी अकरा वर्षं बसलो. माझा नंबर लागला होता, कमांडच्या, म्हणजे कॅप्टन होण्याच्या ट्रेनिंगची तारीखही हातात आली होती. मग करोना आला आणि तारीख गेली ती गेलीच.

पगाराचंही सांगून टाकतो, कारण लोक तेच आधी विचारतात. आम्हाला पगार तासांवर. पूर्वी महिन्याला सत्तर तासांचे पैसे पक्के असायचे, विमान उडो न उडो. ते चाळीसवर आले. पुढे तेही दोन हप्त्यांत, आणि दुसरा हप्ता कधी येईल ते कंपनीलाच ठाऊक. नंतर बिनपगारी रजेच्या याद्या लागायला लागल्या. आमच्या बॅचचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप होता. पूर्वी त्यावर कुठल्या शहरातल्या हॉटेलात नाश्ता चांगला मिळतो याची चर्चा चालायची. आता सगळे एकच विचारायचे: काही बघून ठेवलंय का? एकाने विमा विकायला घेतला, एकाने गोव्याकडे खोल्या भाड्याने द्यायला सुरुवात केली, एक जण दिवसभर शेअर बाजार बघत बसायचा. मी तिसऱ्या यादीत नाव आलं तेव्हा राजीनामा दिला आणि बायको-मुलीला घेऊन रायपूरला, तात्यापाऱ्यात आईबाबांच्या घरी आलो.

बाबांना सांगितलं, कंपनीने मला रायपूरला नवी मुलं शिकवायला पाठवलंय. हे खोटं मी स्टेशनवरून घरी येताना रिक्षात तयार केलं. बायको शेजारी बसली होती, तिला आधी सांगितलंसुद्धा नाही. दारात बाबांसमोर तिने ते पहिल्यांदा ऐकलं आणि बॅग उचलून आत गेली. बाबा म्हणाले, "चांगलं झालं. आपल्या गावातच ड्यूटी." आणि विषय संपला.

बाबा रेल्वेत मालगाडीचे ड्रायव्हर होते. नागपूरकडून बदली होऊन इकडे आले आणि इथलेच झाले. निवृत्तीनंतर त्यांच्याकडे सांगण्यासारखी एकच गोष्ट उरली होती, ती म्हणजे मी. किराणा दुकानात, बँकेच्या रांगेत, दाताच्या डॉक्टरकडे तोंड उघडं असतानासुद्धा. मला त्याचा राग यायचा. इतकं काय लावलंय, असं मी एकदा आईला म्हणालोही होतो. तो राग म्हणजे माझ्याच मनातली चोरी होती, हे मला तेव्हाही कळत होतं.

काम मात्र खरोखर शिकवण्याचंच मिळालं. समता कॉलोनीत एका पॅथॉलॉजी लॅबच्या वरच्या मजल्यावर ती अकादमी होती. मालक पूर्वी बँकेच्या परीक्षांचे क्लास चालवायचे. मग त्यांना आकाश दिसलं. सोमवार ते शनिवार मी पोरांना हवामान, नकाशे, उड्डाणाचे नियम शिकवायचो. त्यात लबाडी नव्हती. ढगांचे प्रकार सांगताना मी रंगात यायचो, पोरंही यायची. तेवढे सहा दिवस मी माणूस होतो. सातव्या दिवशी सेमिनार असायचा.

सेमिनार म्हणजे दर रविवारी आईबापांना बोलावून, चहा-समोसे देऊन, मुलाला पायलट करा हे पटवून द्यायचं. आमच्याकडे जमिनीवरचे, म्हणजे वहीपुस्तकातले विषय होत, पुढे उडायला बाहेरच्या फ्लाइंग स्कूलमध्ये पाठवायचे, आणि दोन्हीकडची फी भरता भरता माणूस रिकामा व्हायचा. पहिल्या सेमिनारला मी साध्या शर्टात गेलो तर मालक वैतागले. "सर, पेरेंट्स वर्दी देखने आते हैं. और तीन पट्टी मत पहनना, पूछते हैं एक कम क्यों है." कोणीही असं विचारत नाही. हे मला माहीत होतं, तरी मी टेलरकडे गेलो.

शर्ट आल्यावर मी अकादमीच्या संडासात जाऊन घातला, कारण आरसा तिथेच होता. आणि आता जे लिहितो ते लिहायची मला सगळ्यात जास्त लाज वाटते. मला तो आवडला. मी आधी डावा खांदा आरशाकडे केला, मग उजवा. बाहेर कोणीतरी दार वाजवत होतं तरी मी उभा होतो. एखाद्या कंपाउंडरने डॉक्टरची पाटी गळ्यात घालून बघावी तसा प्रकार, आणि वर मला रडू येत होतं.

बायको दर रविवारी सकाळी तो शर्ट इस्त्री करून द्यायची. ती मूळची नागपूरची, तोंडाची फटकळ. पण या बाबतीत तिने एकदाच तोंड उघडलं. "काहून घालून राहिले तुम्ही हे? पोट्टीने विचारलं तं काय सांगू, पप्पा नाटकात काम करतात?" मी म्हणालो, थोडे दिवसच. त्यानंतर ती इस्त्री करायची आणि शर्ट आमच्या खोलीच्या आतल्या कडीला टांगून स्वयंपाकघरात निघून जायची. बाबांना दिसू नये म्हणून मी तो पिशवीत घालून न्यायचो आणि अकादमीतच अंगावर चढवायचो.

आमच्या मागच्या गल्लीत एक काका राहतात. रेल्वेच्या ऑफिसातून निवृत्त झालेले, बाबांचे तीस वर्षांचे मित्र. बाबांच्या स्कूटरवर मागे बसून ते रोज सकाळी तेलीबांधा तलावावर फिरायला जायचे. दोघं फिरायचे कमी आणि बाकावर बसून लोकांची चाल बघायचे जास्त. काकांना एकच मुलगी, बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला. घरची मराठी तिला कळते, पण उत्तर हिंदीत देते. तिने पायलट व्हायचं मनात घेतलं होतं, आणि ते खूळ तिच्या डोक्यात कोणी घातलं हे वेगळं सांगायला नको. बाबा गेली पंधरा वर्षं त्यांच्या अंगणात बसून माझीच टिमकी वाजवत होते. काकांकडे फंडाच्या पैशांतून घेतलेला एक प्लॉट होता, नवा रायपूरच्या रस्त्याला. तो विकला की फी निघत होती. दुसरं त्यांच्याकडे काहीही नव्हतं.

एका रविवारी मी माइक हातात घेतला आणि बघतो तर दुसऱ्या रांगेत काका, त्यांची मुलगी आणि बाबा. बाबांनी लग्नकार्यातला सफारी घातला होता. मला घरी काही बोलले नव्हते. मला वाटलं बाबा आता खांदा बघणार. मग वाटलं, बघितला तरी त्यांना काय कळणार, रेल्वेत कुठे असल्या पट्ट्या असतात. मी रोजचं भाषण सुरू केलं. ढगांच्या वरून सूर्योदय कसा दिसतो वगैरे. शेवटी मालक म्हणाले, कोणाला काही विचारायचं असेल तर विचारा. काका उभे राहिले. भरल्या हॉलमध्ये, घरच्यासारखं मराठीत विचारलं, "पगार किती भेटते बाप्पा? खरं सांग. आमची एकच पोट्टी आहे."

मी आकडा सांगितला. माझ्या सगळ्यात चांगल्या वर्षातल्या सगळ्यात चांगल्या महिन्याचा. वर म्हणालो, "हा सुरुवातीचा. कॅप्टन झाल्यावर याच्या दुप्पट." हॉलमध्ये कुजबुज झाली. काकांनी मान डोलावली आणि खाली बसताना मुलीच्या डोक्यावरून हात फिरवला. टाळ्या सुरू केल्या त्या बाबांनी. ते माझ्या खांद्याकडे बघत होते आणि टाळ्या वाजवत होते, बाकीचे थांबले तरी वाजवत होते.

घरी मी त्यांच्या मागोमाग पोचलो. वाटलं होतं काही विचारतील. त्यांनी सफारी घडी करून कपाटात ठेवला, आईला म्हणाले, "छान बोलते तुझा पोट्टा," आणि टीव्ही लावला.

पुढचे दहाबारा दिवस मी काकांच्या गल्लीतून जाणं टाळलं. भाजी आणायला उलटा वळसा घालायचो. व्हॉट्सअ‍ॅपवर त्यांना मेसेज लिहायचो, "काका, थोडं बोलायचं होतं," आणि पुसून टाकायचो. मनाशी मी फार सुंदर वाद घालत होतो. कोण सांगावं, पोरगी हुशार आहे, दिवस पालटतील. विमानं वाढतच आहेत, वैमानिक लागणारच. आणि मी सांगितलं नाही तर दुसरा कोणी सांगेलच की. असा मी रोज स्वतःला निर्दोष सोडायचो आणि दुसऱ्या दिवशी परत पकडून आणायचो. शिकवतानाही मजा राहिली नाही. ती मुलगी आता वर्गात पहिल्या बाकावर बसत होती. नाव पक्कं व्हायच्या आधीच मालकांनी तिला आठवडाभर फुकट बसायला सांगितलं होतं. तिची वही इतकी नीटस होती की मला तिच्या बाकाजवळून जाववत नव्हतं.

शनिवारी सकाळी पोहे खाताना बाबा म्हणाले, "सोमवारी रजिस्ट्री आहे त्याच्या प्लॉटची. गिऱ्हाईक भेटलं." मी मान हलवली. ते खात राहिले. मग ताटलीकडे बघतच म्हणाले, "तुले काही सांगाचं असन त्याले, तं सोमवारच्या आधी सांगून घे."

मी विचारलं, "काय सांगाचं?"

"मले काय माहीत," बाबा म्हणाले. "तुले माहीत."

रविवारी सकाळी, सेमिनारच्या आधी, मी मालकांना फोन करून सांगितलं की मी येत नाही, आणि पुढेही येणार नाही. ते काय बोलले ते धड ऐकलं नाही. बायको हातात इस्त्री घेऊन उभी होती. तिला म्हणालो, राहू दे. तिने प्लग काढला आणि पहिल्यांदाच माझ्याकडे नीट बघितलं. मी काकांकडे जायला निघालो तर बाबा ओट्यावर चप्पल घालूनच बसले होते. म्हणाले, "थांब, मीही येतो."

काकांच्या अंगणात तिघं बसलो. मुलगी दारात उभी राहिली. चहा यायच्या आतच मी सगळं ओकून टाकलं. मी कॅप्टन नाही, कधीच नव्हतो. सांगितलेला पगार आता मिळत नाही. मी नोकरी सोडून दीड वर्ष झालं. शिकून बाहेर पडलेल्या मुलांना दोन-दोन, तीन-तीन वर्षं नोकरीची वाट बघत बसावं लागतं, आणि माझ्यासारखे लागलेले दुसरं काम शोधत असतात. प्लॉट विकू नका.

काका ऐकत होते. मग त्यांचा चेहरा हळूहळू बदलला, पण मला वाटलं होतं तसा नाही. त्यांनी माझ्यावर विश्वासच ठेवला नाही.

"कोणी काही बोललं का तुले?" ते म्हणाले. "अरे, त्या दिवशी हजार लोकांसमोर तू कॅप्टनच्या वर्दीत उभा होता. मी आंधळा आहे का? आता माझ्या पोट्टीचं जमून राहिलं तं तुझ्या पोटात दुखून राहिलं? आपला पोट्टा वर गेला, दुसऱ्याचं कोणी जाऊ नये, असं आहे का?"

हॉलमध्ये फार तर साठ माणसं होती, पण तो मुद्दा नव्हता. माझं खोटं त्यांनी एका दमात गिळलं होतं आणि खरं मात्र त्यांच्या घशाखाली उतरत नव्हतं. मी परत परत तेच सांगायला लागलो, आवाज चढला, आणि जितका चढला तितका मी जास्तच खोटा वाटायला लागलो. हे मलाही ऐकू येत होतं.

तेव्हा बाबा बोलले.

"तो खरं सांगून राहिला. कॅप्टन नाही तो. दीड वर्षापासून विमानात पाय ठेवला नाही त्याने."

मी बाबांकडे बघितलं. त्यांना हे कोणी सांगितलं? बायकोने नाही, तसं तिने नंतर मला शपथेवर सांगितलं. बाबा माझ्याकडे न बघता काकांनाच म्हणाले, "दरवर्षी तो मेडिकलले जायचा, आपल्या रेल्वेत असते तसंच. जायच्या आधी महिनाभर तेलकट बंद, गोड बंद, फोनवर आईचं डोकं खायचा. गेल्या वर्षी गेला नाही. यंदाही गेला नाही. जो मेडिकलले जात नाही, तो गाडीवर नाही. आपल्याले हे समजाले काय लागते? अन् पट्ट्या मले मोजता येतात. याच्या फोटोत तीन आहेत. रोज पुसतो मी तो फोटो."

दारातून मुलीने मला विचारलं, "मतलब, उस दिन जो बोला, सब झूठ था?"

"हव," मी म्हणालो.

"तो क्लास में बता देते. मैं कितने दिन से तो वहीं बैठी हूँ." ती रागावली नव्हती, तिला खरंच कळत नव्हतं.

काका मात्र मला विसरले होते. ते बाबांकडे वळले होते. "तुले माहीत होतं," ते म्हणाले. "माहीत होतं अन् तू मले तिथं घेऊन गेला? स्कूटरवर बसवून?"

बाबांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. मी त्यांना असं बसलेलं कधी पाहिलं नव्हतं. मोठ्या साहेबासमोर उभं केल्यावर ड्रायव्हर असा दिसत असेल. म्हणाले, "मले त्याले वर्दीत पाहाचं होतं. घरी येते तवा साध्या कपड्यात येते. फोटोच पाहिला आजवर. मले वाटलं, एकदा पाहून घेऊ. अन् मंग चार पट्ट्या दिसल्या. मी म्हणलं, राहू दे. एक दिवस राहू दे."

"तुझा एक दिवस," काका म्हणाले. "अन् माझा प्लॉट."

ते उठून आत गेले. आतून ते फोनवर गिऱ्हाइकाशी बोलताना ऐकू आलं, उद्याचं रद्द करा, घरात अडचण आहे. मुलीने चहाचा ट्रे आणून आमच्यासमोर ठेवला, कारण चहा झालेला होता. आम्ही बापलेकांनी तो प्यायला. उठून जायचं धाडस दोघांतही नव्हतं.

त्याला आता आठ महिने झाले. प्लॉट जागेवर आहे. मुलगी एमएस्सी करते, मला बघून रस्ता बदलत नाही, पण बोलतही नाही. मी नवा रायपूरला एका गोदामात मालाच्या ट्रकांचं वेळापत्रक लावण्याचं काम धरलं आहे. पगार को-पायलटच्या चाळीस तासांपेक्षाही कमी, पण पहिल्या तारखेला येतो आणि त्यासाठी मला काही घालावं लागत नाही. काका बाबांबरोबर फिरायला येत नाहीत. तीस वर्षांत त्या दोघांचं एकदाही बिनसलं नव्हतं, ते माझ्यामुळे बिनसलं. दिवाळीत बाबा फराळाचा डबा घेऊन गेले होते. डबा काकांनी ठेवून घेतला, रिकामा करून परत पाठवला, पण बाबांना बस म्हणाले नाहीत. हे आईने सांगितलं.

बाबा आता एकटेच स्कूटर काढतात. मागची सीट रिकामी जाताना खिडकीतून दिसते आणि मला खिडकीत उभं राहवत नाही. गेल्या आठवड्यात सुट्टी होती म्हणून मी आधीच उठून तयार झालो. म्हणालो, "बाबा, आज मी येतो तुमच्यासोबत तलावावर."

"नोको," ते म्हणाले.

"काहून?"

"तू संग असला की लोकं विचारतात. कॅप्टनसाहेब सुट्टीवर आले का म्हणून."

"मंग तुम्ही काय सांगता?"

बाबांनी वाकून चपलेचा पट्टा ओढला. मान वर न करता म्हणाले, "हव म्हणतो."